विदाच्या कोबीवरचं वजन

विदाशी भांडण झालं नाही असा आठवडा मला आठवत नाही, आणि ती नसती तर ह्या गावात मी पहिला हिवाळासुद्धा काढला नसता. तिच्या लग्नात साक्षीला मी उभी राहिले होते. आमच्यात अशा बाईला कुमा म्हणतात. कुमा म्हणजे बहिणीच्याही वरचं नातं. बहिणीशी बोलणं टाकता येतं, कुमाशी टाकलं तर लोक तोंडात शेण घालतात. म्हणून ती मला कुमा म्हणते, मीही तिला कुमा म्हणते, आणि तिचं विदोसावा हे पूर्ण नाव फक्त सरकारी कागदांना ठाऊक आहे.

तेव्हा आम्ही सारायेव्होजवळ, हाजिचीला राहायचो. गावात रणगाडे दुरुस्त करायचा कारखाना होता आणि निम्म्या घरांची चूल त्याच्यावर पेटायची. विदाचा नवरा ओब्रेन तिथं फिटर. मी विधवा, शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजायचे. कारखान्यात मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. पुढं त्याला फार महत्त्व आलं.

विदा घरातच असायची, पण शरद ऋतू आला की अख्खी गल्ली तिच्या दारात. कोबीच्या बाबतीत विदा म्हणेल ती पूर्व दिशा. हिवाळाभर पुरेल एवढा कोबी पिंपात आंबवायचा, ही आमच्याकडे प्रत्येक घरची रीत. गड्ड्याचा दांडा कोरून त्यात मीठ भरायचं, गड्डे पिंपात दाटून लावायचे, वर पाणी, पाण्यावर लाकडी पट्ट्या, आणि पट्ट्यांवर दगड. दगड हवाच, नाहीतर कोबी वर येतो आणि सडतो. आणि तो नदीतलाच हवा, गुळगुळीत, उकळून घेतलेला. विदाचा दगड सासूकडून आला होता. "म्हातारीनं दिलेली एवढी एकच गोष्ट बोलत नाही," असं ती म्हणायची.

ओब्रेनला त्या कोबीपेक्षा त्याचं पाणी प्यारं. रोज सकाळी पेलाभर आंबट खारं पाणी, वर चिमूटभर लाल तिखट, आणि मगच पहिली सिगारेट. माणूस गरीब गाय होता. त्याला एकच खोड, रस्त्यात पडलेला खिळा दिसला तरी खिशात घालायचा. विदा त्याच्या पँटचे खिसे शिवून शिवून कंटाळली होती.

आम्हा सर्बांच्या आणि मुसलमानांच्या लढाईच्या शेवटच्या सप्टेंबरात कारखान्यावर नाटोची विमानं आली. छपराची चाळण झाली, काँक्रीटच्या फरशीत बोटभर रुंदीची भोकं पडली. धूर विरला तसं कामगारांना झाडलोट करायला बोलावलं. ओब्रेन घरी आला तो मिशीपर्यंत काळा, आणि खिशात हा जडपणा. मी तिथंच कॉफी पीत बसले होते. त्यानं खिशातून भरलेला पायमोजा काढून मेजावर उलटा केला आणि आतून करंगळीपेक्षा थोडे मोठे, टोकदार, काळपट धातूचे तुकडे ठणठण पडले.

"आता हे काय उचलून आणलंस?" विदा म्हणाली.

"उचलून तर बघ."

तिनं एक उचलला आणि तिचा हात खाली गेला. "शिसं आहे?"

"शिशाच्या दीडपट तरी असेल. गळाला लावायला वजनं करीन म्हणतो. मासा काय, होडी थांबेल."

त्यानं एकावर कानस चालवली तर ठिणग्या उडाल्या आणि त्याची बाही जळाली. विदानं त्याला चार शब्द सुनावले, त्यानं तुकडे अवजारांच्या डब्यात टाकले, आणि आम्ही तिघं त्या बाहीवर हसलो. हसलो म्हणून सांगते, कारण त्या दिवशी आम्हाला बॉम्बांतून वाचल्याचा आनंद झाला होता.

मग तह झाला आणि कागदावर आमचं गाव दुसऱ्या बाजूला गेलं. राहा, असं सांगणारे थोडे होते. राहिलात तर गळे कापतील, असं सांगणारे सगळे आमचेच होते, आणि ते दारोदार फिरत होते. भर हिवाळ्यात आम्ही निघालो. लोकांनी दारं काढली, खिडक्या काढल्या, नळ काढले. आणि मेलेली माणसं काढली. परक्यांच्या हातात आपल्या कबरी सोडून जायच्या नाहीत, असं एकानं म्हटलं आणि सगळ्यांनी कुदळी उचलल्या. जमीन गोठलेली होती. ओब्रेननं बापाला बाहेर काढलं, नव्या पेटीत घातलं आणि ट्रकवर चढवलं.

ट्रक गोयकोचा होता. तो तोंडाळ माणूस आजही आमच्या गल्लीत राहतो. पेटी, पिंप, पलंग, शेगडी सगळं चढल्यावर त्यानं खाली बघितलं आणि ओरडला, "वहिनी, दगड कसला नेताय? जिथं जातोय तिथं दगड नाहीत का?"

"तो कोबीचा आहे."

"म्हातारा नेऊ की दगड नेऊ, एकच काय ते सांगा. टायर बसलेत माझे."

सासऱ्यापुढे दगड काय मागणार? तो अंगणातच राहिला. अवजारांचा डबा मात्र ओब्रेनच्या मांडीवर आला.

द्रीना नदीच्या काठचं हे ब्रातुनात्स गाव, इथं आम्हाला घरं मिळाली. मिळाली म्हणजे, रिकामी होती. ज्या मुसलमान कुटुंबांची ती घरं, त्यांना चार वर्षांपूर्वी आमच्याच बाजूच्या लोकांनी हाकललं होतं, आणि त्यांतले किती जिवंत आहेत हे गल्लीत कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही. आमच्या घरांतही आता कुणीतरी जेवत असेल, असं म्हणायचं आणि घास गिळायचा. विदाला तेही जमत नव्हतं. त्या घरातली भांडी तिनं एका कपाटात रचली, कपाटाला दोरी बांधली, आणि स्वतः आणलेल्या दोन पातेल्यांत संसार केला.

शरद आला. कोबी आला. तळघरात त्या पहिल्या बाईचंही पिंप होतं आणि पिंपात तिचा दगड, अगदी चांगला, तळहातासारखा सपाट.

"आयता मिळाला," ओब्रेन म्हणाला.

"ती बाई कुठंय ते सांग, मग घालते."

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही. म्हणून नाही घालत."

गोयको खिडकीतून ऐकत होताच. "नदी दोन पावलांवर आहे, वहिनी. ट्रकभर दगड आणून देतो, फुकट."

विदा त्याच्याकडे वळली. "त्या नदीतून कोण कोण वाहत गेलंय ते तुला ठाऊक नाही? सगळं गाव जाणतं आणि सगळं गाव गप्प बसतं. त्या पाण्यातला दगड मी खाण्यात घालणार नाही. सडला तर सडू दे कोबी."

गोयको खिडकीतून बाजूला झाला. मला तिचा राग आला, कारण तिनं आमच्या सगळ्यांच्या वतीनं लाज वाटून घेतली होती आणि आम्ही कुणी तिला ते काम सांगितलं नव्हतं. पण आत कुठंतरी मी तिच्यापुढे हातही जोडले. आमच्यात तेवढी एकच बाई निघाली.

पण वजन हवंच होतं. मग ओब्रेननं डबा आणला. "ही माझी वजनं घे. ह्यांच्यावर कुणाचा जीव गेलेला नाही. आपल्याच अंगावर पडली होती, आपली आपल्याला."

"धातू आंबटात घालतात होय? गंजेल."

"पिशवीत बांध की."

तिनं ते तुकडे घासले, उकळले, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले, वरून पांढरं कापड गुंडाळलं, आणि पट्ट्यांवर ठेवलं. एवढीशी पुरचुंडी, पण कोबी असा दबून बसला की बस. त्या हिवाळ्यात तिचा कोबी कधी नव्हता इतका करकरीत झाला. ओब्रेनचा सकाळचा पेला सुरू झाला. मला दर रविवारी बाटलीभर पाणी आणि दोन गड्डे यायचे. खिम्याचे मुटके त्या पानांत गुंडाळून मी शिजवायचे आणि भांडं पुसून खायचे.

वसंतात पिंप रिकामं करताना कापडावर पिवळे डाग असायचे. "मीठ असेल," मी म्हणायचे. विदा नाक मुरडायची, कापड फेकून द्यायची आणि पुढच्या वर्षी नवं घ्यायची. पिशवीला बारीक चीर गेली होती ती तिनंच मला दाखवली होती. मी म्हटलं, अगं, उकळलेलंच आहे ना.

मग आमच्या लोकांचं मरण सुरू झालं. म्हातारे गेले तेव्हा कुणी काही बोललं नाही, मुळापासून उपटलेलं झाड जगतं का? मग पन्नाशीचे जाऊ लागले. कुणाचं रक्त, कुणाचं फुप्फुस. गावाबाहेरच्या दफनभूमीत हाजिचीवाल्यांची ओळ लांबतच चालली. लोक आधी म्हणाले दुःखानं, मग म्हणाले सिगारेटनं, मग म्हणाले इथलं पाणी बाधलं. ओब्रेनचे पाय सुजले, लघवीत रक्त दिसू लागलं. मूत्रपिंडं निकामी झाली आणि शेवटी शेवटी तो डोळ्यांदेखत वाळत गेला. भूक नव्हती, पण सकाळचा पेला मागायचा. विदा चमच्यानं भरवायची. पोटात काहीतरी जातंय ना, एवढंच तिचं म्हणणं. गेला तेव्हा त्याचं वजन एखाद्या पोराएवढं होतं.

त्यानंतरच्या एका ऑक्टोबरात विदा माझ्याकडे कोबी कोरायला बसली होती. टीव्ही चालू होता. बातम्यांत आमचा कारखाना दिसला म्हणून दोघींनी माना वर केल्या. परदेशातून तज्ज्ञ आले होते, हातात कट्‌कट्‌ वाजणारी यंत्रं घेऊन ते मातीवरून फिरत होते. एकानं हातमोज्यात धरून काहीतरी कॅमेऱ्यापुढे केलं. करंगळीपेक्षा थोडं मोठं, टोकदार, कडेनं पिवळं पडलेलं. बातमीवाली बाई सांगत होती की हे युरेनियम आहे, अणुभट्टीसाठी चांगला भाग काढून घेतल्यावर उरलेलं, फार जड, रणगाड्याचं पोलाद फोडायला वापरतात. हात लावू नका, घरात ठेवू नका, मुलांना सांगा.

विदाच्या हातातली सुरी थांबली. तिनं गड्डा खाली ठेवला, हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"कुमा," ती म्हणाली, "तू किती खाल्लंस?"

मी खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही. "जेवढं दिलंस तेवढं."

विदानं स्वतःच कळवलं आणि दोन दिवसांनी पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि तळघरातून ती पुरचुंडी शिशाच्या डब्यात घालून घेऊन गेली. पिंपही नेलं. पिंपापाशी यंत्र वाजलं तेव्हा गल्ली दोन पावलं मागं सरकली. त्या घरचा कोबी ज्यांनी ज्यांनी खाल्ला होता त्यांनी विदाकडे पाहिलं ते मी पाहिलं. गोयको म्हणाला, "वहिनी, नाटोनं एवढा खर्च करून जे जमवलं नाही ते तुम्ही एका पिंपात केलंत." म्हणून झाल्यावर त्याची मान खाली गेली, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, शब्द काय परत येतो?

विदाला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी तिला सांगावं, ओब्रेन कारखान्यातल्या धुळीनं गेला की तिच्या कोबीनं. ती डॉक्टरकडे गेली, मला ओढत नेलं. डॉक्टर सरळ माणूस होता.

"बाई, त्यानं ती धूळ श्वासात घेतली. हे पाणी प्यायला. जन्मभर सिगारेट ओढली. मूत्रपिंडं शंभर कारणांनी जातात. ह्या धातूनं ती बिघडू शकतात, पण ह्या माणसाची त्यानंच बिघडली असं कोण सांगणार? तज्ज्ञ तर म्हणतात, धोका थोडा आहे."

"थोडा म्हणजे माझ्या पिंपाएवढा का?"

डॉक्टरनं चष्मा काढला आणि पुसत बसला.

आमच्या लोकांची एक संघटना होती, बॉम्ब टाकणाऱ्यांवर खटला भरायचं बोलत होती. त्यांना विधवा हव्या होत्या. विदाला बोलावलं. तिनं सगळं सांगितलं तसा अध्यक्ष चुळबुळला. "ते कोबीचं नका काढू. खरं एवढंच की बॉम्ब त्यांनी टाकले."

"बॉम्ब त्यांनी टाकले," विदा म्हणाली. "पिंपात मी टाकले."

तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. मला त्या अध्यक्षाचा संताप आला, आणि विदाचाही. अगं, एकदा तरी दुसऱ्यावर ढकल ना. ज्यांनी वरून टाकलं ते आपापल्या घरी सुखात निजतात, आणि ही बाई परक्या बाईच्या दगडाला हात लावला नाही म्हणून जन्माची शिक्षा भोगते. देव असेल तर त्यानं ह्याचा जाब द्यावा.

मग तिला मी सापडले. मी कारखान्यात कधी गेले नव्हते, पण तिचा कोबी खाल्ला होता, पाणी प्याले होते. म्हणजे मी धडधाकट असले तर कोबी निर्दोष. हा हिशेब तिनं मला कधी बोलून दाखवला नाही, दाखवायची गरजच नव्हती. रोज सकाळी कॉफीला यायची आणि माझा चेहरा वाचायची.

"झोप लागली?"

"लागली."

"पाठ दुखत नाही ना?"

"तू उठून गेलीस की थांबेल."

मी जिन्यावरून भरभर चढले तर तिचा चेहरा उजळायचा. मला सर्दी झाली तर ती दाराशी येऊन उभी राहायची, आत यायची हिंमत नसायची. कधी कधी मला वैताग यायचा. एकदा मी म्हटलंही, "कुमा, तू मला भेटायला येतेस की तपासायला?" ती रडली, मग मीही रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पण वर्षं गेली तशी ती सावरत गेली हे खरं. मी जगत होते, म्हणून ती जेवत होती. कोबी मात्र तिनं पुन्हा आंबवला नाही. हिवाळ्यात तिच्या घराला तो वास नसायचा, आणि आमच्याकडे तो वास नसलेलं घर म्हणजे कुणी राहत नसलेलं घर.

ह्या वसंतात माझ्या लघवीत रक्त दिसलं. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात एकटीच गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला, एका मूत्रपिंडावर गाठ, दुसरंही थकलेलं. "हाजिचीच्या का तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी शाळेत पाव भाजत होते. त्या म्हणाल्या, ह्या वयात हे कुणालाही होतं, कशामुळे ते शोधून आता उपयोग नाही. मलाही तो शोध नको होता. मला एवढंच कळत होतं की इथं मरायची मला सोय नाही.

नदीपलीकडे सर्बियात माझी बहीण रोसा राहते. तिला फोन केला. इथल्या दफनभूमीत, हाजिचीहून आणून पुरलेल्या माझ्या नवऱ्याशेजारी माझी जागा राखलेली आहे, ती सोडून जायचं ठरवताना मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग उठले, गालाला रंग लावला आणि कॉफी ठेवली. विदा वेळेवर आली.

"रोसाकडे जातेय," मी म्हटलं. "राहायलाच."

"रोसाकडे? जिच्याशी तुझं पाच मिनिटं पटत नाही?"

"म्हातारी झालीय. तिच्याजवळ कुणीतरी हवं."

"आणि तुझ्याजवळ?"

"मला काय धाड भरलीय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली गेली. माझे पाय चपलांत मावत नव्हते. मी ते खुर्चीखाली ओढले, पण ओब्रेनचे पाय तिनं वर्षभर चोळले होते, तिला काय दाखवायचं नि काय लपवायचं.

तिनं कॉफी संपवली. उठून दोन्ही कप धुतले, माझ्याकडे पाठ करून.

"जा कुमा," ती म्हणाली. "पण रोसाला एक बजावून ठेव. तुला तिथं काही झालं तर इथं कळवायचं नाही. मला तर नाहीच."

"नाही कळवणार."

"मी लोकांना सांगेन, कुमा बहिणीकडे आहे, मजेत आहे."

"सांग," मी म्हटलं. "कुणी विचारलं तर चांगली जाड झालीय म्हणून सांग."